हे कोण म्हणालं?

वाचकांचे प्रश्न : पवित्र शास्त्र वाचताना

मागच्या अंकात या पानाच्या तळाशी मी एकच ओळ लिहिली होती : बायबल वाचताना कुठे अडायला होतं ते कळवा. उत्तरादाखल फोन खणखणत राहिला, चार पोस्टकार्डे आली आणि एका काकांनी तर शाळेच्या वहीची सोळा पाने पाठपोट लिहून पाठवली. काकांना वेगळे पत्र टाकले आहे. त्यांचे सगळे प्रश्न बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकावर आहेत, ते इथे घेतले तर संपादक मला काढतील. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही नाही. नगरला बत्तीस वर्षे मराठी शिकवले आणि रविवारी शब्बाथशाळेचा वर्ग घेतला, एवढेच भांडवल. उत्तरे त्या हिशेबाने घ्यावीत.

प्रश्न : एकतीस डिसेंबरच्या रात्री आमच्या मंडळीत वचनांची कार्डे काढतात. माझ्या मुलाला यिर्मया २९:११ आले. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. आम्ही कार्ड त्याच्या टेबलासमोर चिकटवले. नीट परीक्षेची त्याची ही दुसरी खेप होती. निकाल लागला आणि थोडक्यात हुकले. कार्ड त्यानेच ओरबाडून काढले. मला विचारतो, "मम्मी, संकल्प बदलला का?" मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, आईचाच विश्वास कमी पडला. मी काय समजू? (एक आई, संगमनेर)

उत्तर : ताई, त्या बाईंचे बोलणे आधी घराबाहेर ठेवा. मग मुलाला शेजारी बसवा आणि यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पहिल्या वचनापासून मोठ्याने वाचा. कार्डावर एक वचन मावते, पत्र मावत नाही. आणि हे पत्र आहे.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाने यरुशलेम घेतले. तिथला तरुण राजा, राजमाता, सरदार, सुतार, लोहार, जो जो कामाचा होता तो धरून नेला. यिर्मया हा संदेष्टा मागे राहिला. परक्या मुलखात नेलेल्या त्या लोकांना त्याने लिहिलेले हे पत्र. पण त्याआधीचा, अठ्ठाविसावा अध्यायही वाचा, कारण खरी मेख तिथे आहे. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन गावात फिरत होता. बाबेलचे जू वाहावेच लागेल, हे लोकांच्या डोळ्यांना दिसावे म्हणून. तेव्हा हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांदेखत पुढे आला, त्याने ते जू ओढून मोडले आणि जाहीर केले की दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. लोकांना अर्थातच हनन्या आवडला. कोणालाही आवडेल. मलाही आवडला असता.

यिर्मयाचे पत्र जाते ते या पार्श्वभूमीवर. तो लिहितो : घरे बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळे खा. मुलामुलींची लग्ने करा. ज्या नगरात तुम्हांला धरून नेले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या गावासाठी! आणि दहाव्या वचनात आकडा येतो, सत्तर वर्षे. त्यानंतर तुमच्या कार्डावरचे अकरावे वचन.

आता हिशेब करा. पत्र ऐकणारा लोहार चाळिशीचा असेल, तर परतीच्या दिवशी तो एकशे दहाचा झाला असता. म्हणजे ज्यांना 'संकल्प हिताचे आहेत' असे लिहिले, त्यांच्यातले बहुतेक तिथेच मातीत जाणार होते. आशा होती ती त्यांच्या नातवंडांची. मराठी वाचकाला हे कळायला जरा सोपे जाते. आपल्या बायबलात देव एका माणसाशी बोलतो तेव्हा 'तू' म्हणतो. अब्राहामाला तू, मोशेला तू, खुद्द यिर्मयालाही तू. इथे 'तुमच्याविषयी' आणि 'तुम्हांला' आहे. हा मान नाही, हा जमाव आहे. एका मुलाच्या एका परीक्षेबद्दलचे हे वचन नाही, आणि ते तसे नव्हतेच, म्हणून ते खोटेही पडलेले नाही.

कार्डांवर माझा राग नाही, माझ्याही फ्रीजवर एक आहे. पण या बाबतीत मी स्वतः एकदा तोंडघशी पडले आहे, ते सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दहावीच्या निरोपसमारंभाला मी फळ्यावर रंगीत खडूने एक वचन लिहिले. ईयोब ८:७. आरंभ लहान असला तरी शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाचे. खाली वेलबुट्टी काढली. घरी येऊन दादांना, म्हणजे वडिलांना, हौसेने सांगितले. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हे कोण म्हणालं गं?"

"बायबल," मी म्हणाले.

"बायबल बोलतं होय? बायबलात माणसं बोलतात. कोण म्हणालं?"

उठून पाहिले तर बिल्दद शूही. ईयोबाची दहाही लेकरे घर कोसळून मेली आहेत, आणि हा मित्र सांत्वनाला येऊन तीनच वचने आधी म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, त्याचे त्यांना मिळाले. तू नीट वाग, म्हणजे तुझा शेवट चांगला होईल. मी फळ्यावर लिहिले ते याच माणसाचे वाक्य. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव या मित्रांवर संतापतो : तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. दादांनी भाकरी खाल्ली, हात धुतले आणि वर आणखी एक चिमटा काढला. म्हणाले, सैतानालाही स्तोत्र पाठ होतं. तेही खरेच. लूकच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या टोकावर उभा करून एक्याण्णवावे स्तोत्र म्हणून दाखवतो.

मुलाला काय सांगायचे? मी तुमच्या जागी असते तर कार्ड पुन्हा चिकटवले नसते. पाचवे वचन वाचून दाखवले असते, बागा लावा ते. मनासारखे झालेले नाही, लवकर होणारही नाही, आणि तरी इथेच, याच गावात, आजची कामे करा असे सांगणारा देव त्याला हनन्यापेक्षा जवळचा वाटू शकेल. पुन्हा नीट द्यायची की बी.एस्सी.ला जायचे ते यिर्मयात लिहिलेले नाही. ते त्याला ठरवू द्या. आणि 'विश्वास कमी पडला' म्हणणाऱ्या बाईंना कधी जमले तर ईयोबाचा आठवा अध्याय वाचायला द्या. पूर्ण.

प्रश्न : वसईला मैत्रिणीच्या मुलाच्या लग्नाला गेले होते. चर्चमध्ये 'तोबीत' नावाच्या पुस्तकातून वाचन झाले. घरी येऊन माझे बायबल उलथेपालथे केले, असे पुस्तकच नाही. पाने गळली आहेत का? (पुणे)

उत्तर : पाने शाबूत आहेत. आपल्या प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके, कॅथलिक बायबलात ७३. ही जास्तीची सात पुस्तके जुन्या करारातली. यहूदी लोकांच्या ग्रीक भाषांतरात ती होती, हिब्रू यादीत नव्हती. मंडळीने शतकानुशतके ती वाचली. धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन लूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात ती वेगळी काढून ठेवली, वाचायला चांगली पण शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत म्हणून. कॅथलिक मंडळीने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ती शास्त्रच आहेत असे ठरवले. भांडण एवढेच.

तोबीत मात्र मिळवून वाचाच. तुम्ही ऐकलीत ती आठव्या अध्यायातली नवराबायकोची पहिल्या रात्रीची प्रार्थना असणार, लग्नात तीच वाचतात. त्या नवरीचे आधीचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेले असतात, हा भाग लग्नात वाचत नाहीत. शिवाय या कथेत प्रवासाला निघालेल्या मुलामागे घरचा कुत्राही जातो. काही करत नाही, नुसता जातो. मला तो फार आवडतो.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरातला आहे, कुतूहल म्हणून मराठी नवा करार वाचतो आहे. दोन गोष्टी खटकतात. येशूसारख्या थोर पुरुषाला सगळीकडे 'तो आला', 'तो म्हणाला' असे एकेरी का? आणि तो स्वतःच्या आईला 'बाई' म्हणतो, हे तर वाचवत नाही. (निवृत्त मुख्याध्यापक, पंढरपूर)

उत्तर : सर, पंढरपूरच्या माणसाने हे विचारावे? तुम्ही विठ्ठलाला 'अहो' म्हणता का? तुकोबा तर त्याच्याशी भांडतात, तेही एकेरीत. देवाला आणि आईला आपण 'तू' म्हणतो, साहेबाला 'तुम्ही'. येशूचा 'तो' त्यातला आहे.

पण प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, म्हणून जरा थांबते. नवा करार ज्या ग्रीकमध्ये लिहिला गेला तीत आदरार्थी बहुवचनच नाही. भिकारी राज्यपालाशी बोलला तरी 'तू'. रोमी राज्यपाल पिलात येशूला 'तू', येशू पिलाताला 'तू'. म्हणजे आपल्या मराठी प्रतीत जिथे जिथे 'आपण' दिसते, ते भाषांतरकाराने कान लावून घातलेले आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी बाई विहिरीवर येते. ती त्याला म्हणते, महाराज, आपल्याजवळ पोहरा नाही आणि विहीर खोल आहे. हे 'महाराज', हे 'आपल्याजवळ', हा पोहरा, सगळी मराठी कमाई. अनोळखी पुरुषाशी भरदुपारी बोलणारी आपल्याकडची बाई कशी बोलेल, ते कोणीतरी बसून ठरवलेले आहे.

याहून अवघड जागा पुढेच आहे. तुम्ही व्याकरण शिकवले असेल म्हणून सांगते. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद ग्रीकमध्ये नाही, इंग्रजीतही नाही. मराठी भाषांतरकाराला मात्र तो दर वेळी करावाच लागतो. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळ उठते, तारवात पाणी भरते, येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला. शिष्य त्याला उठवून ओरडतात, बुडतोय, तुम्हांला काळजी नाही का? आता, 'आम्ही बुडतोय' की 'आपण बुडतोय'? आम्ही म्हटले तर शिष्यांना वाटते हा बुडणार नाही, हा काही वेगळाच आहे. आपण म्हटले तर तोही त्यांच्यासारखाच पाण्यात जाणारा माणूस. अख्खे धर्मशास्त्र एका सर्वनामात! तुमच्या प्रतीत काय छापले आहे ते पाहा, मग मत्तयच्या आठव्या अध्यायात तीच गोष्ट काढून पाहा, आणि मला कळवा.

प्रभूच्या प्रार्थनेत मात्र पेच नाही. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' असेच हवे. 'आपल्या' म्हटले तर ज्याच्याशी बोलतो आहोत तोच लेकरांच्या रांगेत येऊन बसायचा. आणि पाहा, तिथे पित्याला 'तुझे नाव' म्हटले आहे. मी माझ्या वडिलांना जन्मभर 'अहो दादा' म्हटले आणि देवाला पाच वर्षांची असल्यापासून 'तू'. तेव्हा विचित्र वाटले नाही, आता कधी कधी वाटते.

राहिली 'बाई'. योहानाने हा शब्द आईच्या बाबतीत दोनदा लिहिला आहे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा, आणि वधस्तंभावरून, शिष्याविषयी 'हा तुझा मुलगा' म्हणताना. दुसऱ्या जागी तरी उर्मटपणा संभवत नाही, मरता मरता तो आईची सोय लावतो आहे. हाच शब्द तो शोमरोनी बाईला आणि कबरेपाशी रडणाऱ्या मग्दालीया मरीयेलाही वापरतो. ग्रीकमध्ये ही चारचौघांत स्त्रीला हाक मारायची सभ्य रीत होती. मुलाने आईला अशी हाक मारणे तेव्हाही नेहमीचे नव्हते, त्यात थोडे अंतर आहे हे खरे. पण अपमान नाही. आणि सर, आमच्या नगर भागात कितीतरी घरांत आईला 'बाई'च म्हणतात. माझी आई तिच्या आईला म्हणायची. मला शाळेत दिवसातून शंभरदा पोरे म्हणायची. मला तो शब्द कधी टोचला नाही. ऐकणाऱ्याचे गाव कोणते यावर बरेच असते.

भाषेचा विषय निघालाच आहे तर पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. संस्कृतात मुरलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली, ती केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या अडाणी बायकांना कळेल अशा साध्या मराठीत अख्खे बायबल आणायचे म्हणून. छापखानाही तिथलाच, काम करणाऱ्या तिथल्याच बायकामुली. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा हातात हेच काम होते. पंडितांना खूश करणारी मराठी त्यांना सहज येत होती. ती त्यांनी बाजूला ठेवली.

प्रश्न : दर एक जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात करतो. फेब्रुवारीत निवासमंडपाच्या पडद्यांत आणि कड्यांत अडकतो, मार्चमध्ये लेवीय आले की गाडी बंद. यंदा अकरावे वर्ष. (निवृत्त एस.टी. कंडक्टर, श्रीरामपूर)

उत्तर : भाऊ, जन्मभर पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत गेलात, त्याची ही सवय. बायबल म्हणजे एक गाडी नव्हे, तो अख्खा डेपो आहे. कायदे, वंशावळ्या, गाणी, पत्रे, दरबारी इतिहास, सगळ्या गाड्या एकाच आवारात उभ्या. कोणत्याही गाडीत बसा, फक्त पाटी वाचून बसा.

यंदा असे करा. रूथचे पुस्तक घ्या. चारच अध्याय. श्रीरामपूरहून निघालात तर राहुरी यायच्या आत वाचून होईल. दुष्काळाने परमुलखात गेलेली नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परत येते. सोबत विधवा सून, रूथ, मवाबी, म्हणजे परक्या आणि वैरी जातीची. खायला काही नाही. हंगाम सातूच्या कापणीचा. रूथ म्हणते, मी शेतात जाऊन सरवा वेचते.

सरवा हा शब्द तुम्हांला समजावून सांगायला नको. शहरातल्या वाचकांसाठी सांगते : पीक काढल्यावर रानात मागे राहिलेली, गळून पडलेली कणसे, शेंगा. माझी आजी पाथर्डीकडची. बाजरीचा आणि भुईमुगाचा सरवा वेचून तिने एक अख्खा उन्हाळा काढला होता. ती सांगायची, काही मालक बघून न बघितल्यासारखे करायचे आणि काही हाकलायचे. रूथ ज्या शेतात शिरते तिथला मालक बवाज हा पहिल्या जातीचा, त्याहून चांगला. तो गड्यांना हळूच सांगतो की पेंढ्यांतली थोडी कणसे मुद्दाम गाळत जा, तिला रागावू नका. संध्याकाळी तिने झोडपले तर एफाभर सातू निघाले. एफा म्हणजे साधारण वीस-बावीस लिटरचे माप. सरव्यात एवढे? आजीने हे ऐकले की दर वेळी ती म्हणायची, "मालकाचं मन आहे त्यात."

आता लेवीय उघडा. पहिल्यापासून नको. थेट एकोणिसावा अध्याय, नववे आणि दहावे वचन. शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, सरवा वेचू नका, द्राक्षमळ्यात गळालेली फळे गोळा करू नका. ती गरीब आणि उपरी यांच्यासाठी राहू द्या. कळले का? रूथ शेतात शिरली ती कोणाच्या उपकारावर नव्हे, तिचा तो हक्क होता, आणि हक्क ज्या पुस्तकात लिहिला आहे ते पुस्तक तुम्ही अकरा वर्षे मार्चमध्ये मिटत आला आहात. त्याच अध्यायात थोडे खाली, अठराव्या वचनात, 'आपल्यासारखीच आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर' आहे. हे येशूचे वाक्य म्हणून आपण भिंतीवर लावतो. त्याने ते इथून उचलले.

आणखी एक गंमत. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, २३:३ मध्ये, स्पष्ट लिहिले आहे की मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत घ्यायचे नाही. आणि रूथच्या शेवटच्या पानावर वंशावळ येते : या मवाबी बाईचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद राजा. एकाच ग्रंथात दोन्ही. मला कोणी विचारले की बायबल स्वतःशी वाद घालते का, तर मी हो म्हणते. मंडळीत काहींना हे आवडत नाही.

रूथनंतर मार्क घ्या, सोळाच अध्याय, दोन बैठकांत होतो. मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये जोडीने, कारण लिहिणारा एकच. झोपताना एक स्तोत्र. उत्पत्ती पावसाळ्यात काढा. लेवीयच्या पहिल्या सात अध्यायांतले होमबलींचे नियम मीही नुसते चाळते, तुम्ही चाळलेत तर कोणी तिकीट तपासायला येणार नाही.

प्रश्न : माझी द्राक्षबाग आहे. मत्तयच्या विसाव्या अध्यायातला मालक संध्याकाळी आलेल्यालाही दिवसभराएवढीच हजेरी देतो. मी एक दिवस असे केले तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बागेत एक माणूस येणार नाही. हा दाखला शेती न केलेल्या माणसाने सांगितलेला दिसतो. (दिंडोरी)

उत्तर : सुतारानेच सांगितला आहे, बरोबर ओळखलेत! आणि तुमचा हिशेबही बरोबर आहे. दाखल्यातले सकाळचे मजूर अगदी तुमच्यासारखेच बोलतात. त्यांनी चिडावे अशीच रचना आहे. मालक कारभाऱ्याला मुद्दाम सांगतो की शेवटी आलेल्यांपासून वाटप सुरू कर. उलटे केले असते तर पहिले आपला दिनार, म्हणजे एका दिवसाची ठरलेली मजुरी, घेऊन खुशीत घरी गेले असते आणि कोणाला काही कळलेही नसते.

पण हे सांगितले कोणाला? त्यासाठी एक पान मागे जावे लागते. एकोणिसाव्या अध्यायात, सत्ताविसाव्या वचनात, पेत्र हा शिष्य विचारतो : आम्ही सगळे सोडून तुमच्यामागे आलो, आम्हांला काय मिळणार? सकाळी सातला आलेल्या मजुराचाच हा प्रश्न. येशू आधी त्याला भरघोस आश्वासन देतो आणि लगेच म्हणतो, पण पहिले ते शेवटचे होतील. दाखला त्याला जोडून येतो. आपल्याला ते तुटक वाटते, कारण मध्ये 'अध्याय २०' असे छापले आहे. ही अध्यायांची कुंपणे तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन या इंग्लंडच्या धर्मगुरूने घातली, आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या फ्रेंच छापखानेवाल्याने. मत्तयने लिहिताना कुंपण नव्हते. तेव्हा हा मजुरीच्या दराचा सल्ला नाही. पेत्राला दिलेला टोला आहे.

तरी एक गोष्ट तुमच्यासारख्या बागायतदारानेच बघावी. या मालकाकडे कारभारी आहे, आठव्या वचनात तो दिसतो. पण चौकात माणसे बघायला मालक स्वतः जातो, दिवसातून पाच वेळा. पाचव्यांदा गेला तेव्हा तिथे जे उभे होते ते म्हणाले, आम्हांला कोणी लावून घेतले नाही. तुमच्याकडच्या मजूर अड्ड्यावर संध्याकाळपर्यंत कोण उभे राहते, ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

प्रश्न : बायबलात पेनाने खुणा केल्या तर चालते का? सासूबाई म्हणतात पाप आहे. (जालना)

उत्तर : पाप नाही, पण पेन नको. कागद पातळ असतो, शाई मागच्या पानावर उतरते. दादांच्या बायबलात यशयाच्या चाळिसाव्या अध्यायावरची फाउंटन पेनची निळी रेघ उलट्या बाजूला एकेचाळिसाव्यावर उमटली आहे, आणि तिथे ती कशाच्याच खाली नाही. नंतर तेही पेन्सिलवर आले. एचबी घ्या, टोक फार करू नका. सासूबाईंच्या प्रतीत मात्र काही लिहू नका, वेगळी घ्या. ईयोबाच्या आठव्या अध्यायाच्या समासात दादांच्या अक्षरात पेन्सिलीने एवढेच आहे : "बिल्दद. पाहा ४२:७. फळा पुसायला सांगितले, तिने पुसला नाही."